भित्र्यांची लेकरं

अकोल्यात मोर्णेवरचा पूल ओलांडायचा झाला, की मास्तर आधी एखाद्या कुत्र्याची वाट पाहत. कुत्रं नाही मिळालं तर शेळी. शेळी नसेल तर गाढव. एखादं जनावर आपल्या पायांनी, कुणी न हाकता पलीकडे गेलं, की मग छत्री बगलेत मारून ते निघत.

"मास्तर, पूल दगडी आहे," मी पहिल्यांदा म्हणालो होतो. "दिवसभर कापसाच्या भरल्या गाड्या जातात यावरून."

"गाड्या माणसं हाकतात," ते म्हणाले. "बैलाले कोनी इचारलं काय? कुत्र्याले जाऊ दे. ते आपल्या मर्जीनं जाते."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. अकोल्याच्या एका खाजगी शाळेत वर्षाच्या बोलीवर लागलो होतो आणि येत्या जूनमध्ये कायम होईन, या आशेवर जगत होतो. घरी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. मास्तर पन्नाशीकडे झुकलेले. शास्त्र शिकवायचे. आखूड धोतर, कोपरावर विटलेला काळा कोट, आणि कोटाच्या खिशात कायम गुळाचा खडा. तो खडा स्वतःसाठी नव्हता. वाटेत जो बैल भेटेल त्याच्यासाठी. बायको लग्नानंतर चारच वर्षांनी गेली होती, मूलबाळ नव्हतं. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत. पण मन लागलं किंवा डोकं तापलं, की वऱ्हाडीवर येत. त्यामुळे त्यांचा तास रंगला की नाही हे बाहेरच्या व्हरांड्यातूनही कळायचं.

ते भित्रे होते. हे मी त्यांना लावलेलं विशेषण नाही. ते स्वतःच सगळ्यांना सांगत. विहिरीत वाकून बघायचे नाहीत. सायकलवर बसायचे नाहीत. एकदा आम्ही अमरावतीला निघालो, तर मोटारीच्या ड्रायव्हरनं सुटायच्या आधी दोनदा जांभई दिली म्हणून मला खाली उतरवलं आणि पुढच्या मोटारीसाठी दीड तास उन्हात उभं केलं. ती पहिली मोटार सुखरूप अमरावतीला पोचली होती. हे मी त्यांना खवचटपणानं सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं ना बाप्पा. आपन चढलो असतो तरी पोचलीच असती. पन माह्यं पोट रस्ताभर गोळा झालं असतं."

पोरं त्यांना 'ससोबा' म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं. फळ्यावर कुणी लांब कानाचं चित्र काढून ठेवलं, तर ते पुसत नसत. खडूनं डोळे नीट जागेवर काढून देत. "सशाचे डोळे असे समोर नसतात रे, बाजूले असतात. मांगचंही दिसते त्याले. तुमाले फळ्यावरचं दिसत नाही."

नव्या वर्गावर पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: तू कशाला भितोस? पोरं हसत, एकमेकांकडे बघत. मग एखादा विंचू म्हणे, एखादा बापाचं नाव घेई. एकदा एक बाळापूरचा दांडगा मुलगा छाती काढून म्हणाला, "मी कशालेच भेत नाही."

मास्तर त्याच्याजवळ गेले. त्याच्या तोंडासमोर एकदम टाळी वाजवली. मुलाचे डोळे मिटले, मान मागे गेली.

"हे कोणी शिकवलं तुला?" मास्तरांनी विचारलं. "आईनं? शाळेनं?"

मुलानं डोळे उघडले.

"कोणी नाही शिकवलं. तू जन्मला तेव्हा घेऊन आला." मग सगळ्या वर्गाकडे वळून ते सांगू लागले. ते बोलणं मी व्हरांड्यातून ऐकलं आणि आजही त्यांच्या आवाजातच मला ऐकू येतं. "फार जुन्या काळी एका माळावर दोन हरणं चरत होती. गवत हललं. एक पळालं. दुसरं म्हणालं, वारा असेल. शंभरदा वाराच होता. एकशेएकाव्या वेळी वारा नव्हता. जे म्हणे वारा असेल, त्याचं पाडस जन्मलंच नाही. जे उगाच शंभरदा पळालं, दमलं, ज्याला बाकीची हरणं हसली असतील, त्याची लेकरं आज मेळघाटात चरून राहिली. आपणही तसेच. आपण सारे भित्र्यांची लेकरं आहोत पोराहो. लाजू नका."

तो काळ असं बोलण्याचा नव्हता. गावोगाव सभा होत होत्या, तरुण तुरुंगात जात होते, आणि निर्भय हा शब्द ज्याच्यात्याच्या तोंडी होता. शाळेच्या संमेलनाला आलेल्या एका पाहुण्यांनी तासभर निर्भयतेवर भाषण केलं. वाघासारखे व्हा, म्हणाले. वाघाला भय ठाऊक नसतं. टाळ्या ओसरल्यावर मास्तर मागच्या रांगेत उभे राहिले. आमच्या हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"माफ करा साहेब," मास्तर अगदी नम्रपणे म्हणाले, "पण वाघ फार भितो. चिखलदऱ्याच्या जंगलात मी उभा उन्हाळा काढला, माझ्या वाटेवर रोज ताजे ठसे असायचे, वाघ एकदाही दिसला नाही. माणसाचा वास आला की तो वाट सोडतो. भीत नसता, तर आजपर्यंत एक उरला नसता."

पोरं हसली. पाहुणेही हसले, पण वरवर. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांना खरोखरच वाघाची बाजू मांडायची होती.

एकदाच मी त्यांना स्वतःवर चिडलेलं पाहिलं. त्यांच्या घराशेजारी एक पिंजारी कुटुंब राहायचं. त्यांच्या कोंबडीनं पिल्लं काढली तेव्हा संक्रांत तोंडावर आली होती. आभाळात पतंग आले. पहिल्या दिवशी पतंगाची सावली अंगणातून सरकली, की पिल्लं फटकन आईखाली. दोन दिवसांची पिल्लं! घार कशी असते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मास्तर लहान मुलासारखे खूश झाले. मला हात धरून दाखवायला नेलं. आणि मग त्यांच्या डोक्यात आलं, की ही भीती किती दिवस टिकते ते पाहावं. त्यांनी स्वतः एक पतंग आणला आणि सकाळ-संध्याकाळ त्या अंगणावर धरू लागले. आठवड्यानं पिल्लांनी वर बघणं सोडलं. सावली आली तरी दाणे टिपत राहायची. मास्तरांनी वहीत लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खरी घार आली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक पिल्लू उचलून घेऊन गेली. बाकीच्यांनी मानसुद्धा वर केली नव्हती.

पिंजाऱ्याची बायको म्हणत होती, "अहो मास्तर, कोंबडीचं पिल्लूच ना. जाऊ द्या." मास्तर ओट्यावर डोकं धरून बसले होते. "त्यांच्याजवळ एकच हत्यार होतं," ते मला म्हणाले, "तेही म्या काढून घेतलं." चार दिवस ते जेवले की नाही मला माहीत नाही. पतंग मात्र त्यांनी फाडून टाकला.

आता कापसाच्या जिनातली गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

पौषातला शनिवार होता. शाळा दुपारीच सुटली होती. मास्तर आणि मी स्टेशनच्या अंगानं घरी निघालो होतो. वाटेत एक जिन, म्हणजे कापसाचा कारखाना, लागायचं. हंगाम भरात होता. कापसाच्या गाड्या फाटकातून रस्त्यापर्यंत लागलेल्या. आत अंगणात, रेच्यांच्या लांब टिनाच्या शेडला टेकून, कापसाचा घराएवढा उंच ढीग रचलेला. शेडमध्ये बाया रेच्यांवर, सरकी काढायच्या यंत्रांवर, कापूस घालत होत्या. शेडला दार एकच, आणि ते ढिगाला लागून.

त्या ढिगाशी गाडी उभी करायला बैल तयार नव्हते. गाडीवान तुतारीच्या काठीची आर टोचत होता. बैल मागे रेटत होते, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. त्यामागची जोडीही तशीच. मास्तर थांबले. खिशातला गूळ काढून त्यांनी बैलापुढे धरला. रोजचा ओळखीचा बैल असावा; पण त्यानं गुळाकडे पाहिलंही नाही.

"चाल," मास्तर मला म्हणाले, आणि आत शिरले. ढिगापाशी जाऊन त्यांनी कोपरापर्यंत हात कापसात खुपसला. मग माझं मनगट धरलं. "घाल हात."

मी घातला. वरचा कापूस गार होता. आत हात जसजसा गेला तसतशी ऊब लागली, आणि बोटांच्या टोकांना चटका बसावा इतकं गरम. मी हात ओढून घेतला.

जिनचा मॅनेजर समोरून आला. "काय मास्तर, शाळा इथं भरली काय आज?"

"ढीग आतून पेटला हाय," मास्तर म्हणाले. "बायांले बाहीर काढा."

"उन्हानं तापते कापूस."

"इथं ऊन कुठं हाय? सकाळपासून सावली हाय या बाजूले."

मॅनेजर हसला. "बैल बुजले म्हनून मी जिन बंद करू? हंगामात? जा बरं घरी."

मास्तरांनी छत्री माझ्या हातात दिली आणि पळाले. पन्नाशीचा, सायकलला भिणारा माणूस धोतर सावरत इंजिनघराकडे पळाला, आणि पुढच्या क्षणी सुटीचा भोंगा वाजू लागला. थांबेच ना. शेडमधल्या बाया लगबगीनं बाहेर येऊ लागल्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणी डोक्यावरचा कापूस झटकत विचारतेय, एवढ्या लवकर सुटी काहून झाली? मॅनेजर शिव्या देत इंजिनघराकडे धावला. शेवटच्या चार-पाच जणी दारात असताना ढिगाच्या बुडातून धुराची लांब जीभ निघाली, आणि बघता बघता सगळा ढीग आतून लाल झाला. दार दिसेनासं झालं. थोड्या वेळानं शेडचं टिन वाकून खाली बसलं.

आत कुणीही नव्हतं.

मास्तर फाटकाबाहेर दगडावर बसले होते. मी म्हणालो, "मास्तर, तुम्हांला भीती नाही वाटली?"

"लय भेलो," ते म्हणाले. "धोतर पाह्य माह्यं. वलं झालं."

त्यांचा सत्कार व्हायला हवा होता. झालं उलटंच. मॅनेजरनं मालकाला सांगितलं, की मास्तरानं विनाकारण भोंगा वाजवला, पळापळ झाली, त्या पळापळीत कुणाची तरी विडी पडली असणार. आणि आग लागायच्या आधी मास्तराला आगीचं कळलंच कसं? मालक आमच्या शाळेच्या कमिटीवर होते.

हेडमास्तरांच्या खोलीत कमिटी बसली. मास्तर एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला खिडकीपाशी. बाहेर आवारात जिनातली एक बाई आली होती. उंच, तोंडावर देवीचे वण, खांद्यावर झोपलेली मुलगी. "मले इचारा," ती शिपायाला सांगत होती, "मी आतमंदी होती. मले जाऊ द्या." शिपाई तिला फाटकाकडे लोटत होता. ती दोनदा परत आली.

मला विचारलं, "तुम्ही बरोबर होता. ढीग आधीच तापला होता, हे तुम्हांला ठाऊक आहे? बैल बुजलेले तुम्ही पाहिले?"

माझ्या बोटांच्या टोकांना अजून तो चटका आठवत होता. समोर मालक बसले होते, शेजारी हेडमास्तर. मला जून दिसत होता. आईचा चेहरा दिसत होता.

"मी मागे होतो," मी म्हणालो. "माझं नीट लक्ष नव्हतं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ. मग त्यांनी नजर काढून घेतली, जशी आपण एखाद्याचं उघडं अंग चुकून दिसल्यावर काढून घेतो.

कमिटीनं त्यांना माफी लिहून द्यायला सांगितलं. "लिहितो," ते म्हणाले, "पण आधी तुम्ही लिहून द्या, की पुढल्या वेळी असं दिसलं तर भोंगा वाजवायचा नाही." माफी त्यांनी दिली नाही. राजीनामा दिला. आठवड्याच्या आत त्यांचा टांगा आमच्या गल्लीतून स्टेशनकडे गेला. वर एक ट्रंक, एक वळकटी आणि मास्तर. मी दाराआड उभा राहिलो. टांगा पुढे जाईपर्यंत कडी धरून उभा होतो.

जूनमध्ये मी कायम झालो.

तीन वर्षांनी मला अमरावतीच्या एका शाळेत जागा मिळाली. तिथं कळलं, की मास्तर वरूडजवळ आपल्या धाकट्या भावाच्या संत्र्याच्या बागेत असतात. मोटार रोज सुटायची. मी रोज ती सुटताना पाहायचो. बसायला आणखी चार महिने लागले.

बागेत ते खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. झाडांवर पोपटांचा कालवा चालला होता आणि त्यांच्या शेजारी एक डबा नि काठी पडली होती. "भावानं पोपट भेवाडाले बसवलं मले," मी रोजच येतो अशा सुरात ते म्हणाले. "दोन दिवस भेले. आता डब्यावर येऊन बसतात. बस."

मी उभाच राहिलो. "मास्तर, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"माहीत हाय."

"मला माझी..."

"तू बोलाच्या आधीच समजलं होतं मले. तोंड होतं आमच्याकडं, आन् खुर्चीखाली दोन्ही पाय दाराकडं वळले होते."

"तुम्ही रागावला असाल."

मला वाटलं, ते नाही म्हणतील. मोठी माणसं तसं म्हणतात. "रागावलो ना," ते म्हणाले. "दोन वर्षं. तुह्यं नाव निघालं का जेवन जाये नाही." मग काठी उचलून एकदा डब्यावर वाजवली. "तू भेला. घरी माय होती, बहिनी होत्या. त्याले मी पाप म्हनत नाही. म्याच तर साऱ्या जन्मभर सांगतलं, भेवाले लाजू नका. पन हरीन पळते ना, ते मोकळ्यावर गेलं का थांबते. मान वळवते. मांगं कोन राह्यलं ते पाह्यते. तुले तीन वर्षं लागले रे बाप्पा."

मला रडू आलं. त्यांनी ते आवरायलाही सांगितलं नाही आणि त्याकडे बघितलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "आन् माह्याकडं कायले आला? मले सावली हाय, भाकर हाय. माह्यासाठी बोलाले आली होती त्या बाईले जिन परत बांधल्यावर कामावर घेतलं नाही, हे ठाऊक हाय तुले? तिच्याकडं जाय."

मी अकोल्याला गेलो. ती बाजारात भेटली. कुणाच्या तरी मळ्यातून आणलेली वांगी आणि सांबाराच्या जुड्या घेऊन बसली होती. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. देवीच्या वणांवरून मी तिला ओळखलं. तिनं मला त्याआधीच ओळखलं होतं.

"तुमी खिडकीपाशी बसले होते," ती म्हणाली. "मी बाहीरून पाह्यत होती. मले वाटे, आता हे बोलतीन."

मी सांगितलं, की मास्तर वरूडला आहेत, त्यांनी तुझी चौकशी केली. त्यासरशी तिचा चेहराच बदलला. हातातली जुडी खाली ठेवून ती नीट बसली. "कसे हायेत? मले लिहता येत नाही. एक चिठ्ठी लिहून द्या मास्तराले."

समोरच्या दुकानातून मी कागद मागून आणला. तिच्या टोपलीशेजारी, गोणपाटाच्या कडेवर बसून लिहू लागलो. ती सांगत होती: मास्तर, त्या दिवशी आमी जेवढ्या बाया आत होतो तेवढ्या साऱ्या जित्या हाव. दोघीजणीचे लग्नं झाले. माही पोरगी तवा माह्याजवळ झोपली होती, ते आता शाळेत जाते, तिले लय बोलाची सवय हाय. तुमी तब्येत सांभाळा.

मी घडी घालू लागलो. तिनं कागदावर बोट ठेवलं.

"थांबा. जागा हाय अजून. तुमचंबी लिहा."

"माझं काय?"

"तुमी पाह्यलं ते. आन् खाली नाव टाका."

बाजार भरला होता. लोक आम्हांला ओलांडून जात होते. मी लिहिलं, की मी त्या दिवशी मास्तरांच्या बरोबर जिनात होतो. उजवा बैल आधी थांबला, मग डावा. मी ढिगात हात घातला. आत गरम होतं. आग भोंग्याच्या आधीच लागलेली होती. हे मी स्वतः पाहिलं आहे. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. आडनाव नीट उमटलं नाही. ते खोडून पुन्हा लिहिलं.

दहा दिवसांनी अमरावतीच्या पत्त्यावर कार्ड आलं. मास्तरांचं अक्षर तसंच, वहीतल्यासारखं सरळ. "चिठ्ठी पोचली. बाईचं वाचून फार बरं वाटलं. तुझ्या जबानीत चूक आहे. आधी डावा बैल थांबला, उजवा नव्हे. पाहणी नीट ठेवत जा. संत्री उतरू लागली आहेत. ये."

मी गेलो. त्यानंतर चार हिवाळे गेलो. खाटेवर त्यांच्या शेजारी बसून पोपट मोजले, वाद घातले, बोलणी खाल्ली. दोनदा ती बाई आणि तिची मुलगीही माझ्याबरोबर होत्या. वाटेतली एकही मोटार ड्रायव्हर न पारखता मी घेतली नाही.

पाचव्या हिवाळ्यात मी निघण्याआधीच मास्तरांच्या भावाचा गडी माझ्या दारात आला. खांद्यावर संत्र्यांची टोपली. मागल्या सोमवारी झोपेतच गेले, म्हणाला. टोपली तुमच्याकडे पोचवायची असं आधीच सांगून ठेवलं होतं.

तो चहा घेऊन गेला. मी टोपली ओट्यावर ठेवली. संत्री बाजूला केली, मग वाळलं गवत मूठमूठ काढून झटकलं, अगदी तळापर्यंत. एखादी चार ओळींची चिठ्ठी असेल, माझी काही चूक काढलेली असेल, असं वाटत होतं. टोपली मी उपडी करून आपटली. मग पुन्हा एकदा सगळं गवत चाचपलं.